आर्ची लीचपासून कॅरी ग्रँटपर्यंत: ब्रिटनमध्ये जन्मलेल्या नटाची चरित्रमाहिती बिनचूक कशी लिहावी

‘कॅरी ग्रँट १९२० साली जहाजाने अमेरिकेला गेला.’ या वाक्यातलं वर्ष बरोबर आहे, जहाज बरोबर आहे, देशही बरोबर आहे. तरी त्या बोटीच्या प्रवासी यादीत कॅरी ग्रँट शोधायला बसलात, तर अख्खा दिवस फुकट जाईल. हे नाव तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. बोटीवर होता तो आर्चिबाल्ड लीच. वय सोळा, काम रंगमंचावर कोलांट्या मारायचं आणि उंच काठ्यांवर चालायचं, गाव ब्रिस्टल.

जुन्या हॉलिवूडवर मराठीत पहिल्यांदाच लिहायला घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दिवाळी अंकासाठी लिहीत असाल, फिल्म सोसायटीच्या खेळाआधी वाटायचं टिपण करत असाल किंवा एखादी ज्ञानकोशातली नोंद, पायऱ्या त्याच. उदाहरणाला मी मुद्दाम एकच माणूस धरला आहे. एका माणसाचे कागद नीट लावता आले की बाकीच्यांचे लावता येतात.

पहिली पायरी: वहीत चार रकाने

लिहायला लगेच बसू नका. एक वही घ्या आणि चार रकाने आखा: तपशील कोणता, माहिती काय, ती कुठे मिळाली आणि तो कागद कधी तयार झाला. पहिले तीन रकाने सगळेच भरतात, चौथा बहुतेक जण सोडून देतात. खरं तर सगळं त्याच्यावरच ठरतं. जन्मानंतर सहा आठवड्यांत झालेली नोंद आणि जन्मानंतर साठ वर्षांनी दिलेली मुलाखत, दोन्हींत जन्मतारीख असते. पण दोन्हींचं वजन सारखं नसतं. तारखा जुळत नसतील तर आधी चौथ्या रकान्याकडे पाहा.

दुसरी पायरी: नाव, आणि ते कधीपासूनचं

जन्माच्या नोंदीतलं नाव आर्चिबाल्ड अलेक लीच. इथे मराठी लेखकासाठी एक खास खड्डा आहे. आपल्याकडे मधलं नाव म्हटलं की ते वडिलांचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ‘अलेक लीच यांचा मुलगा’ असं हातून सहज लिहून जातं. वडिलांचं नाव होतं इलायस जेम्स लीच. इंग्रजांकडे मधलं नाव हे दुसरं पाळण्यातलं नाव असतं. ते आजोबांचं, मामाचं, नाहीतर नुसतं आवडलं म्हणून ठेवलेलं असू शकतं. त्यावरून वडील ठरवू नका.

दुसरा घोळ खुद्द त्यानेच घातला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज करताना त्याने मधलं नाव ‘अलेक्झांडर’ असं लिहिलं. म्हणून काही पुस्तकांत अलेक दिसतं, काहींत अलेक्झांडर. दोन्ही कागद खरेच आहेत, पण जन्मनाव सांगायचं असेल तर जन्माच्या वेळचा कागद धरायचा: अलेक.

‘कॅरी’ आलं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून. १९३१ मध्ये ‘निकी’ या संगीत नाटकात त्याच्या पात्राचं नाव कॅरी लॉकवुड होतं. पुढे पॅरामाउंट कंपनीने त्याला करारबद्ध केलं तेव्हा ‘आर्ची लीच’ हे नाव पडद्याला शोभणारं नाही असं तिथल्या लोकांना वाटलं. कॅरी हे नाव तयार होतंच, ‘ग्रँट’ कंपनीच्या यादीतून निवडलं. कायद्याने मात्र तो कॅरी ग्रँट झाला २६ जून १९४२ ला, अमेरिकेचा नागरिक झाला त्याच दिवशी. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं पोस्टरवर एक नाव होतं आणि सरकारी कागदावर दुसरं. या दहा वर्षांतला पासपोर्ट, खटला किंवा विवाहनोंदणी शोधताय? मग लीच या नावानेही शोधा.

सगळ्यांचं असंच होतं असं मात्र धरून चालू नका. बोरिस कार्लोफ हा लंडनमध्ये २३ नोव्हेंबर १८८७ ला जन्मलेला विल्यम हेन्री प्रॅट. त्याने कायद्याने नाव कधीच बदललं नाही आणि अमेरिकेत आयुष्य काढूनही ब्रिटिश नागरिकत्व सोडलं नाही. कॅरी ग्रँटवरून त्याचं अनुमान काढलंत तर एकाच वाक्यात दोन चुका होतील.

उच्चाराचंही इथेच उरकून घेऊ. ब्रिटिश नावं कागदावर दिसतात तशी बोलली जात नाहीत. ग्लॉस्टर, लेस्टर, वॉरिक, ग्रेनिच ही गावं अक्षर लावून वाचली तर भलतीच होतात. इप्सविचला जन्मलेल्या फाइन्स आडनावाच्या नटाचं पहिलं नाव आपण ‘राल्फ’ वाचतो, तो स्वतः ‘रेफ’ म्हणतो. देवनागरीत जसं बोलतात तसं लिहिता येतं. ही सोय आपल्या लिपीने फुकट दिली आहे, ती वाया घालवू नये. आधी त्या माणसाला स्वतःचं नाव घेताना ऐका, मग लिहा.

तिसरी पायरी: जन्मतारीख आणि जन्मगाव

कॅरी ग्रँटची जन्मतारीख १८ जानेवारी १९०४. ठिकाण ब्रिस्टलच्या उत्तरेकडच्या हॉरफील्ड भागातल्या ह्यूएन्डन रोडवरचं घर. यावर आज वाद नाही. पण हे पडताळायचं कसं ते शिकून घ्या, कारण पुढचा नट इतका सोपा नसेल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. इंग्लंडातल्या जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते. या नोंदींच्या सूचीत पूर्वी तारीख नसायचीच. वर्षाच्या चार तिमाह्या करून मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा शेवटच्या महिन्याच्या नावाने सूची लावलेली असे. आणि ती तिमाही जन्माची नव्हे, नोंदणीची.

आर्चीचं गणित मांडून पाहू. १८ जानेवारीत ४२ दिवस मिळवले की २९ फेब्रुवारी येतो, कारण १९०४ लीप वर्ष होतं. म्हणजे मुदतीत झालेली नोंद १९०४ च्या मार्च तिमाहीतच पडणार. इथे गोंधळ नाही. आता बेन किंग्सली घ्या. जन्मनाव कृष्णा पंडित भानजी, जन्म यॉर्कशरमधल्या स्नेन्टन गावचा, तारीख ३१ डिसेंबर १९४३. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेल्या बाळाची नोंद साहजिकच पुढच्या वर्षात जाते. सूचीत १९४४ दिसलं म्हणून कुणी जन्मवर्ष ‘दुरुस्त’ केलं, तर बरोबर माहिती चुकीची होते. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेल्या ब्रिटिश नटांची जन्मवर्षं एकाने पुढेमागे सापडली, तर पहिला संशय याच कारणाचा घ्या.

सूचीत गावाच्या जागी असतो तो नोंदणीचा विभाग. त्या विभागात डझनभर गावं असू शकतात. घराचा पत्ता, आईचं माहेरचं नाव, वडिलांचा धंदा हे सगळं मूळ दाखल्यात असतं. दाखल्याची प्रत जनरल रजिस्टर ऑफिसकडून पैसे भरून कुणालाही मागवता येते.

परगण्याचं नाव लिहिताना त्या वर्षीचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. विनोदी नट स्टॅन लॉरेल १८९० मध्ये अल्व्हर्स्टनला जन्मला तेव्हा ते गाव लँकशरमध्ये होतं. १९७४ मध्ये हद्दी बदलल्या आणि ते कम्ब्रियात गेलं. ‘जन्म: अल्व्हर्स्टन, लँकशर, आता कम्ब्रिया’ असं लिहिलं की वाचकाला दोन्ही कळतं. जुनं मुंबई राज्य आणि आजचा महाराष्ट्र यांच्या बाबतीत आपण हेच करतो.

दाखला सापडलाच नाही तर? चार्ली चॅप्लिनचा सापडलेला नाही. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक, ब्रिटिश गुप्तचर खात्यानेही शोध घेतला, तरी जन्मनोंद मिळाली नाही. १६ एप्रिल १८८९ ही तारीख सगळीकडे दिली जाते, ती त्याच्या आणि घरच्यांच्या सांगण्यावरून. अशा वेळी तारीख द्यावी आणि ती कशाच्या आधारावर आहे तेही त्याच वाक्यात सांगावं.

चौथी पायरी: जनगणनेचा कागद वाचायला शिका

हा माझा सर्वांत आवडता कागद. ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिचे घरोघरचे तपशील शंभर वर्षांनी खुले होतात. आज १९२१ पर्यंतचे पाहता येतात. त्यापुढे मोठी पोकळी आहे. इंग्लंड आणि वेल्सचे १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही कामाला येते.

शोधायला बसण्याआधी आपला माणूस कोणत्या गणनेत सापडू शकतो याचा विचार करा. १९०१ मध्ये आर्ची जन्मलाच नव्हता. १९२१ ची गणना झाली १९ जूनच्या रात्री, आणि तो जुलै १९२० मध्येच देश सोडून गेला होता. उरली एकच, २ एप्रिल १९११ ची. त्या रात्री तो सात वर्षांचा होता.

आता हे ‘वय सात’ उलट दिशेने वाचून पाहा. एखाद्या मुलाचं २ एप्रिल १९११ ला वय सात, एवढंच हातात असेल, तर जन्म एप्रिल १९०३ ते एप्रिल १९०४ यांच्यात कधीही झालेला असू शकतो. नवखा लेखक १९११ मधून ७ वजा करतो आणि १९०४ लिहून मोकळा होतो. आर्चीच्या बाबतीत ते नशिबाने बरोबर येतं. पण मे महिन्यात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हीच वजाबाकी एक वर्षाने चुकते. वयावरून वर्ष काढलंत तर नेहमी दोन वर्षं लिहा: ‘१९०३ किंवा १९०४’.

१९११ चे फॉर्म कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले आहेत, त्याच्या अक्षरात. किती मुलं झाली, किती हयात आहेत, असेही रकाने त्यात होते. या रकान्यामुळे पुढे किती गोष्टी उलगडतात ते शेवटच्या पायरीत पाहू.

पाचवी पायरी: राष्ट्रीयत्व, प्रवास आणि तारखांची उलटापालट

पेंडर या कसरतपटूंच्या मंडळीबरोबर आर्ची ‘ऑलिम्पिक’ बोटीने निघाला तो २१ जुलै १९२० ला. त्याच बोटीवर डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड हे चित्रपटतारे मधुचंद्राहून परतत होते. असे खुले कागद दोन्ही बाजूंना असतात: ब्रिटनहून निघाल्याची यादी लंडनजवळच्या क्यूमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, न्यूयॉर्कला उतरल्याची तिथल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी बेटाच्या नोंदींत. दोन्ही पाहा. निघाल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख यांत आठवडाभराचं अंतर असतं आणि लोक एकीच्या जागी दुसरी देतात.

राष्ट्रीयत्वाच्या बाबतीत ‘जन्माने ब्रिटिश, १९४२ पासून अमेरिकन नागरिक’ असं लिहिलं की काम झालं. ब्रिटनमध्ये जन्म म्हणजे ब्रिटिश घराणं असंही नसतं. एलिझाबेथ टेलर लंडनला जन्मली, पण आईवडील अमेरिकन होते.

आता तारखेचा सापळा. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. कॅरी ग्रँटचं दुसरं लग्न बार्बरा हटनशी झालं ८ जुलै १९४२ ला, नागरिकत्व मिळाल्यावर बाराव्या दिवशी. अमेरिकन पद्धतीने ते ७/८/१९४२ होतं आणि आपण ते ‘७ ऑगस्ट’ वाचतो. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती माझ्या नावाने छापूनही आली. तेव्हापासून एकच नियम पाळतो: वहीत महिना अक्षरात लिहायचा, कधीही आकड्यात नाही. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर चूक आपोआप लक्षात येते, २२ जुलै १९६५ चं डायन कॅननशी झालेलं लग्न कुणी उलटं वाचू शकत नाही. बारापर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप उलट्या होतात.

सहावी पायरी: गाजलेले किस्से तारखेला लावून पाहा

हॉलिवूडची नटी मे वेस्ट म्हणायची की कॅरी ग्रँटला तिने शोधून काढलं. किस्सा रंगतदार आहे आणि असंख्य लेखांत आहे. तिच्याबरोबरचा त्याचा पहिला चित्रपट १९३३ चा. त्याआधीच्या एकट्या १९३२ सालात त्याचे सात पूर्ण लांबीचे चित्रपट आले होते, त्यातल्या एकात तो मार्लेन डीट्रिशसमोर होता. चित्रपटांची यादी वर्षवार मांडली की किस्सा जागच्या जागी विरतो. मे वेस्टमुळे त्याचं नाव मोठं झालं, हे म्हणायला हरकत नाही. शोध लावला म्हणता येत नाही. ‘जुडी, जुडी, जुडी’ हे त्याच्या तोंडी घातलं जाणारं वाक्यही असंच, नकलाकारांनी लोकप्रिय केलेलं. पडद्यावर त्याने ते कधी म्हटलेलं नाही.

पण किस्सा नटाने स्वतःच पसरवला असेल तर त्याच्या मागचं कारण शोधा. मर्ल ओबेरॉन ही ब्रिटिश चित्रपटांतून मोठी झालेली नायिका आयुष्यभर सांगत राहिली की तिचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा. १९७८ मध्ये होबार्टला तिचा नागरी सत्कारसुद्धा झाला. ती जन्मली होती आपल्या मुंबईत, १९११ मध्ये, अँग्लो-इंडियन घरात, आणि तिची जन्मनोंद इथल्याच दप्तरात होती. त्या काळच्या चित्रपटसृष्टीत आशियाई रक्त उघड झालं असतं तर तिला नायिकेची कामं मिळाली नसती. ती गेली १९७९ मध्ये, खरं जन्मगाव वाचकांपुढे आलं त्यानंतर. तिच्यावर लिहिताना टास्मानिया गाळू नका. ‘स्वतः टास्मानिया सांगत असे, जन्म मुंबईचा’ असं पूर्ण लिहा, आणि तिला खोटारडी ठरवण्याआधी तो काळ आठवा.

सातवी पायरी: पुरस्कार, किताब, मृत्यू

हे झटपट होतं. ऑस्करच्या बाबतीत चित्रपटाचं वर्ष आणि समारंभाचं वर्ष वेगळं असतं. कॅरी ग्रँटला अभिनयासाठी दोनदा नामांकन मिळालं, पण मिळाला तो मानद पुरस्कार, एप्रिल १९७० च्या समारंभात. ‘ऑस्करविजेता अभिनेता’ एवढंच लिहिलंत तर वाचक वेगळंच समजेल, ‘मानद’ हा शब्द सोडू नका.

‘सर’ किताब मिळाल्याच्या तारखेआधीच्या घटनांत वापरू नये, आणि तो पहिल्या नावाला लागतो: सर बेन, ‘सर किंग्सली’ नव्हे. परदेशी नागरिकाला मानद किताब मिळतो, ‘सर’ लागत नाही. लंडनच्या एल्थममध्ये जन्मलेला बॉब होप अमेरिकन नागरिक होता, म्हणून १९९८ चा मानद किताब मिळूनही तो ‘सर बॉब’ झाला नाही. चॅप्लिन शेवटपर्यंत ब्रिटिश राहिला आणि १९७५ मध्ये सर चार्ल्स झाला.

मृत्यूचं ठिकाण घराच्या पत्त्यावरून ठरवू नका. कॅरी ग्रँट राहायचा बेव्हर्ली हिल्सला, गेला आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला. तिथल्या ॲडलर थिएटरात त्याचा प्रेक्षकांशी गप्पांचा कार्यक्रम होता, तयारी चालू असतानाच पक्षाघाताचा झटका आला. तारीख २९ नोव्हेंबर १९८६, रात्री साडेअकराच्या सुमारास. त्या वेळी आपल्याकडे ३० तारखेची सकाळ उजाडून गेली होती. भारतातलं किंवा ब्रिटनमधलं जुनं वर्तमानपत्र आधाराला घेतलंत तर एक दिवस पुढे जाल. मृत्यूची तारीख नेहमी त्या गावच्या घड्याळाची.

आठवी पायरी: घरची माणसं

नाती लिहिताना इंग्रजी कागद आपल्याला अडवतात. तिथल्या ‘अंकल’मध्ये काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे मावतात. ‘कझिन’ चुलत की मामे, आते की मावस, कळत नाही. मराठीत लिहायचं तर निवड करावीच लागते आणि लेखक बिनदिक्कत ‘काका’ लिहून टाकतो. आईचं माहेरचं आडनाव ठाऊक असेल तर बहुतेक वेळा उलगडा होतो. होत नसेल तर ‘नात्यातले एक गृहस्थ’ लिहा. तेवढंच खरं असतं.

आता त्या १९११ च्या रकान्याकडे येऊ, किती झाली आणि किती हयात. एकुलता एक म्हणून ज्याच्याविषयी लिहिलं जातं त्या आर्चीच्या आधी लीच दांपत्याला एक मुलगा झाला होता. जॉन, १८९९ चा. १९०० मध्ये, वर्षाचा होण्याच्या आदल्या दिवशी तो गेला. वडील कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीचं काम करायचे, आई शिवणकाम करायची. आईच्या आर्चीबद्दलच्या धास्तीचा, त्याला सतत जपण्याचा उल्लेख चरित्रांत येतो. त्यामागे हे पहिलं मूल होतं, हे जॉनची ओळ लिहिल्याशिवाय वाचकाला कळणार नाही.

आणि आई. आर्ची शाळकरी असताना एक दिवस घरी आला तर आई नव्हती. हवापालटाला गेली आहे असं सांगितलं गेलं, पुढे ती वारली असं. वडिलांनी तिला ब्रिस्टलच्याच मनोरुग्णालयात ठेवलं होतं. त्या वेळी आर्चीचं वय किती, याची उत्तरं पुस्तकागणिक बदलतात: कुठे नऊ, कुठे दहा, कुठे अकरा. ‘नऊ’ हा आकडा बहुतांशी त्याच्या आठवणींवरून आला आहे. लहानपणी धक्का बसलेल्या माणसाची आठवण ही त्याच्या मनाची खरी साक्ष असते, पण ती तारखेची नोंद नव्हे. म्हणून ‘तो सुमारे दहा वर्षांचा असताना’ असं लिहा आणि वहीत तिन्ही आकडे, कुठे मिळाले त्यासह, राहू द्या.

ती जिवंत आहे हे त्याला कळलं तिशी ओलांडल्यावर, पडद्यावर नाव झाल्यानंतर. त्याने तिला तिथून बाहेर काढलं आणि शेवटपर्यंत तिचा खर्च उचलला. तिला मात्र ब्रिस्टल सोडायचं नव्हतं. पुष्कळ छोट्या टिपणांत आजही ‘लहानपणीच आईचं छत्र हरपलं’ असं एक ओळखीचं वाक्य सापडतं. ते खोडा. आर्चीला जे सांगितलं गेलं होतं तेच आपण पुन्हा छापतो आहोत. त्या जागी तिची ओळ पूर्ण लिहा: आई एल्सी मारिया लीच, माहेरच्या किंगडन, जन्म १८७७, मृत्यू ब्रिस्टल, जानेवारी १९७३, वय ९५.